जव, पाणी आणि पगार

हे मनन करायला बिअर प्यावी लागत नाही. किंबहुना आज प्यालेली नसेल तरच बसा. जागा कुठलीही चालेल, फोन मात्र दुसऱ्या खोलीत ठेवा. मग एक प्रसंग मनात उभा करा. घरात मायक्रोबायॉलॉजी घेऊन पदवी मिळवलेली मुलगी आहे. रात्रीची पानं वाढली जाताहेत आणि ती सहज सांगते, "मला बँकेच्या परीक्षा नाही द्यायच्या. मला ब्रुअर व्हायचंय. बिअर बनवायला शिकायचंय."

उत्तर देऊ नका. मनात काय उमटतं ते नुसतं पाहा. हसू येईल, राग येईल, नातेवाइकांत काय सांगायचं हा प्रश्न येईल, आणि अगदी तळाशी कदाचित थोडं कुतूहलही असेल. जे येईल ते येऊ द्या, निवाड्याची घाई नाही. ती मुलगी तुम्हीच असाल, तर आईबाबांचे चेहरे डोळ्यांसमोर आणा आणि तेवढ्याच शांतपणे पाहा.

प्रसंग मनातला असला तरी त्याच्यामागचं जग खरं आहे. 2009 मध्ये पुण्यात डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी हे संस्थापक, ऑलिवर शाउफ हा जर्मन ब्रू मास्टर, आणि नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेलं. जिथे बिअर बनते तिथेच ती ताजी पेल्यात ओतायची, अशी ठिकाणं तेव्हा देशात बोटांवर मोजण्याइतकी होती. पुढच्या वर्षी बंगळुरात टॉइट आलं. मग पुण्यात इंडिपेन्डन्स, एफिंगट, ग्रेट स्टेट एलवर्क्स, गोव्यात गोवा ब्रुइंग कंपनी, आणि पुण्यातच मधापासून मीड बनवणारी मूनशाइन मीडरी. कोकम आणि मीठ घातलेली आंबटसर बिअर मिळू लागली. आंब्याच्या मोसमात आंब्याची. ज्या शहरात 'बिअर' म्हणजे पिवळी, थंडगार, कडक आणि स्वस्त एवढंच माहीत होतं, तिथे लोक गव्हाची बिअर आणि जवाची बिअर यांत फरक करू लागले.

अशा बिअरला 'क्राफ्ट' म्हणतात, पण त्या शब्दावर फार वेळ घालवू नका. कमी प्रमाणात, मालकाच्या आणि ब्रुअरच्या नजरेखाली, चवीकडे लक्ष देऊन बनवलेली, एवढं पुरे. अमेरिकेतली ब्रुअर्स असोसिएशन वर्षाला 60 लाख बॅरलपर्यंत बिअर बनवणाऱ्या कंपनीलाही 'लहान' म्हणते. तिथला एक बॅरल सुमारे 117 लिटरचा, म्हणजे वर्षाला सत्तर कोटी लिटर! लहान असण्याची ही कल्पना आपल्याला झेपणारी नाही. आपण 1,000 लिटरच्या टाकीपाशीच बसू.

आता उजवा तळहात उघडा आणि त्यावर जवाचे चार दाणे आहेत असं समजा. राजस्थान, हरियाणा, उत्तर प्रदेश इथलं हे रब्बीचं पीक. आपल्याकडे पूजेच्या साहित्यात त्याची आठवण होते, ताटात क्वचितच. दाण्यात पिष्ट भरलेलं आहे, पण यीस्टला पिष्ट खाता येत नाही, त्याला साखर लागते. पिष्टाची साखर करणारी विकरं दाणा स्वतःच तयार करतो, फक्त त्याला अंकुरायची संधी मिळाली पाहिजे. म्हणून जव भिजवतात, चार-पाच दिवस मोड येऊ देतात, आणि मोड फार वाढायच्या आत गरम हवेनं वाळवतात. हाच मॉल्ट. ज्या घरात नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून बाळासाठी सत्त्व केलं जातं, त्या घरातल्या आजीला मॉल्ट समजावून सांगावा लागत नाही. वाळवताना उष्णता किती दिली यावर रंग ठरतो. फिकट सोनेरी, तांबूस, कॉफीसारखा काळा. पेल्यातल्या बिअरचा रंग इथेच ठरून गेलेला असतो.

मॉल्ट भरडून तो गरम पाण्यात मिसळतात. तापमान 65 ते 67 अंश सेल्सिअस, वेळ साधारण एक तास. या दोन-तीन अंशांवर मन स्थिर करा. पाणी थोडं थंड असेल तर यीस्टला पचणारी साखर जास्त निघते आणि बिअर हलकी, कोरडी होते. थोडं गरम असेल तर जिभेवर भरीव, किंचित गोडसर लागते. त्याहून बरंच तापलं तर विकरं मरतात आणि त्या दिवसाची मेहनत चिकट लापशी होऊन बसते. पिष्ट संपलं की नाही हे पाहायला ब्रुअर एक थेंब काढून त्यात आयोडीन टाकतो. निळा-काळा रंग आला तर अजून थांबायचं. शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या कापावर केलेली ती चाचणी इथे पगारासाठी केली जाते.

त्या तासात ब्रुअर करतो काय? तापमापक पाहतो. ढवळतो. पुन्हा तापमापक पाहतो. तुम्हीही क्षणभर तेच करा. समोर वाफाळणारी टाकी आहे, काट्यावर 66 आहे, आणि तुम्हाला काहीही करायचं नाही, फक्त लक्ष हटू द्यायचं नाही. मन किती वेळात उठून गेलं? या कामाची पहिली परीक्षा हीच, आणि ती कुठल्याही संस्थेच्या माहितीपुस्तकात छापलेली नसते.

पुढे गोड पाणी गाळून तासभर उकळायचं आणि त्यात हॉप्सची फुलं घालायची. कडवटपणा आणि बराचसा सुगंध त्यांचा. हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात हॉप्स पिकवले गेले आहेत, पण आपल्या ब्रुअऱ्यांना लागणारे बहुतेक हॉप्स जर्मनी, अमेरिका अशा देशांतून येतात. डॉलर वधारला की त्याची कळ पुण्याच्या पेल्यालाही लागते. एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ, कारण खरं मननाचं ठिकाण पुढे आहे.

उकळलेलं पाणी झटकन थंड करून बंद टाकीत सोडलं, त्यात यीस्ट घातलं, झाकण लावलं. आता माणसाचं काम जवळजवळ संपलं. यीस्ट साखर खातं, मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. एल जातीची बिअर असेल तर 18 ते 22 अंशांना आठवडा-दोन आठवडे, लागर असेल तर बऱ्याच कमी तापमानाला कित्येक आठवडे. टाकीला जोडलेली नळी पाण्याच्या बादलीत बुडवलेली असते आणि तिच्यातून बुडबुडे येत राहतात. रोज थोडा नमुना काढायचा, घनता मोजायची, वहीत लिहायची. आज 1.050, चार दिवसांनी 1.020, मग 1.012. एके दिवशी आकडा हलायचा थांबतो. तरीही घाई करायची नाही. याच टप्प्यात यीस्टनं आधी सोडलेला एक लोण्यासारखा वास तेच यीस्ट परत गिळून टाकतं, त्यासाठी त्याला दोन-तीन दिवस द्यावे लागतात. बाहेर मालक विचारत असतो, शनिवारी नळावर येईल ना? शनिवारची गर्दी यीस्टला कळत नाही.

इथे जास्त वेळ बसा. आपल्या बहुतेक नोकऱ्यांत उशीर म्हणजे दोष. इथे लवकर केलेलं काम हा दोष आहे, आणि तो ग्राहकाच्या जिभेला कळतो. उतावळ्या स्वभावाच्या माणसानं या धंद्यात यावं का? यावं, पण दिवसभर स्वतःशी भांडायची तयारी ठेवून.

या वाट बघण्यातूनच मोठं विज्ञान निघालं, हे मुलीच्या बाबांना जरूर सांगावं. लुई पाश्चरनं 1876 मध्ये बिअरवर अख्खं पुस्तक लिहिलं, ती का बिघडते याचा शोध घेण्यासाठी. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सननं यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी वाढवून दाखवली, आणि कंपनीनं ती स्वतःपाशी लपवून न ठेवता इतरांनाही दिली. त्याच प्रयोगशाळेत 1909 मध्ये सोरेन्सननं आम्लता मोजायची पीएच श्रेणी मांडली. आज तीच श्रेणी शेतातल्या मातीच्या अहवालावर छापलेली असते. डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला असलेल्या विल्यम गॉसेटला थोडक्या नमुन्यांवरून मालाची पारख करायची होती. त्यानं 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावानं निबंध छापला, कारण कंपनी कामगारांना स्वतःच्या नावानं लिहू देत नव्हती. संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला छळणारी टी-टेस्ट ती हीच. ब्रुअरीची नोकरी म्हणजे अशिक्षितांचं काम, असं ज्यांना वाटतं त्यांनी या ओळी पुन्हा वाचाव्यात.

आता चित्रातला दिवा बदला. संध्याकाळचा पिवळा उजेड, टेबलं, गाणी हे सगळं बाजूला सारा. सकाळचे सात वाजलेत. ट्यूबलाइट. ओली फरशी. गमबूट, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. टाकी रिकामी झाली आहे आणि ती धुवायची आहे. आधी पाणी, मग गरम कॉस्टिक सोडा, पुन्हा पाणी, मग आम्ल, पुन्हा पाणी, शेवटी जंतुनाशक. कॉस्टिकचा एक थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. टाकीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचून राहतो. तो दिसत नाही, आणि हवेपेक्षा जड असल्यानं आपणहून बाहेरही येत नाही. हवा खेळती न करता, वायू न मोजता आत उतरलेला माणूस शुद्ध हरपून पडतो, आणि त्याला काढायला घाईनं उतरलेला दुसराही. मॉल्टची पोती 25 किलोची. 50 लिटरचा भरलेला केग साठ किलोंच्या वर जातो. 1,000 लिटरच्या एका घाण्याला दोनशे किलोंच्या आसपास मॉल्ट लागतो आणि त्याचा भिजून जड झालेला, वाफाळणारा चोथा फावड्यानं ओढून काढावा लागतो. तो गोठ्यांकडे जातो, गाईम्हशींना आवडतो.

ब्रुअरच्या दिवसाचा मोठा भाग या धुण्यात जातो. बिअर बनवणं हा त्यातला लहानसा भाग. ज्या कुणाला हे काम करायचंय त्यानं स्वतःला विचारावं, मला स्वच्छता आवडते का? टापटीप नव्हे, स्वच्छता. जिथे कुणी पाहणार नाही अशा पाइपच्या वळणात हात घालून केलेली. उत्तर 'नाही' असेल तर इथेच उठलेलं बरं. बिअरची आवड असून भागत नाही, ती तर गिऱ्हाइकालाही असते.

जे अजून बसले आहेत त्यांनी पाण्याकडे वळावं. मला स्वतःला हा भाग सर्वांत जड जातो.

एक लिटर बिअर बनवायला मोठ्या, काटकसरी कारखान्यात तीन-चार लिटर पाणी लागतं. लहान ब्रुअरीत सहा-सात, कधी त्याहूनही जास्त. पेल्यात जातं ते एक, बाकीचं धुण्यात, थंड करण्यात, वाफेत. म्हणजे आपल्या 1,000 लिटरच्या टाकीमागे सहा-सात हजार लिटर. पुण्याच्या कडेच्या सोसायट्या उन्हाळ्यात जो 10,000 लिटरचा टँकर मागवतात, तो डोळ्यांसमोर आणा.

मग 2016 चा उन्हाळा आठवा. एप्रिल महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं. त्याच मराठवाड्यात वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात देशातल्या बड्या बिअर कंपन्यांचे कारखाने होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं त्या महिन्यात मद्य कारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्यानं 60 टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितलं. एका बाजूला हंडे घेतलेल्या बायकांची रांग, दुसऱ्या बाजूला त्या कारखान्यांतल्या पगारावर चालणारी घरं आणि सरकारच्या तिजोरीत जाणारा कर. दोन्ही चित्रं एकदम मनात धरा. एक खरं आणि दुसरं खोटं, असं म्हणून सुटका करून घेऊ नका. क्राफ्टवाले म्हणतील, आमचा वाटा त्या कारखान्यांच्या मानानं चिमूटभर. खरं आहे. पण लिटरमागे पाणी तुमचंच जास्त जातं, हेही खरं आहे. थंड करायला वापरलेलं गरम पाणी पुढच्या घाण्याला घेणारा, शेवटच्या विसळणीचं पाणी पुढच्या पहिल्या विसळणीला राखून ठेवणारा ब्रुअर आणि नळ उघडा टाकून फोनवर बोलणारा ब्रुअर, यांतला पहिलाच या राज्यात ब्रुअर म्हणवून घ्यायला लायक आहे, असं माझं मत आहे.

आता पगाराकडे. मन इथे आपोआप पळतं, म्हणून मुद्दाम उशिरा आणलं.

एका मायक्रोब्रुअरीत मुख्य ब्रुअर एक, मदतनीस एक-दोन. बस. चांगल्या चालणाऱ्या ब्रुअरीतली मुख्य ब्रुअरची जागा वर्षानुवर्षं रिकामी होत नाही. म्हणजे 'क्राफ्ट बिअरमध्ये करिअर' या झगमगीत मथळ्याखाली ब्रुअरच्या खुर्च्या फार थोड्या आहेत. पण नजर जरा रुंद करा. त्याच छताखाली वाढपी, बारटेंडर, स्वयंपाकी, हिशेबनीस आहेत. राज्य उत्पादन शुल्क विभागाची रजिस्टरं रोज लिहिणारा एक माणूस आहे, ज्याच्याविना नळ उघडत नाही. बाटल्या आणि कॅन भरणाऱ्या ब्रुअरीत गुणवत्ता तपासणारी प्रयोगशाळा आहे, केग धुणारी, भरणारी, गाडीवर चढवणारी माणसं आहेत, गावोगाव फिरणारे विक्रेते आहेत. बारच्या मागच्या नळ्या दर पंधरवड्याला सोडून धुणारा तंत्रज्ञ आहे. नळ्या मळक्या असतील तर जगातली उत्तम बिअरही आंबट लागते, आणि शिव्या ब्रुअरला बसतात.

शिवाय टाक्या कुणीतरी बनवतं. पुण्याची प्राज इंडस्ट्रीज ब्रुअरीचे अख्खे प्रकल्प उभारते. दापोडीच्या अल्फा लावलचं नाव उष्णता-विनिमयकांसाठी घेतलं जातं. स्टेनलेस स्टीलच्या टाकीचा सांधा आतून गुळगुळीत जोडणारा टिग वेल्डर ब्रुअरीला ब्रुअरइतकाच लागतो, कारण सांध्याला खाच राहिली की तिथे जंतू घर करतात आणि कितीही धुतलं तरी हटत नाहीत. आयटीआय झालेल्या मुलाला यात जितकी खात्रीची भाकरी आहे, तितकी जर्मनीहून प्रमाणपत्र आणलेल्या प्रत्येकाला असेलच असं नाही.

शिकायचं कुठे? पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेत वाइन, ब्रुइंग आणि मद्यार्क तंत्रज्ञान शिकवतात. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंगच्या परीक्षा नोकरी करता करता देता येतात. बर्लिनची व्हीएलबी, म्युनिकजवळचं वायहेनस्टेफान ही तीर्थक्षेत्रं, पण खर्च मोठा. मायक्रोबायॉलॉजी, बायोटेक्नॉलॉजी, केमिकल इंजिनिअरिंग यांतलं काही हाताशी असेल तर पाया पक्का. बिअर जाणून घेऊन ती नीट वाढता यावी, यासाठी 2008 पासून सिसरोन नावाची परीक्षा आहे, ती हॉटेलवाल्यांच्या कामाची. आणि मुलगी म्हणून कुणी दार अडवलं तर 2007 चा सर्वोच्च न्यायालयाचा अनुज गर्ग निकाल सांगावा. दिल्लीत लागू असलेल्या जुन्या पंजाब अबकारी कायद्यात जिथे दारू प्यायली जाते तिथे बायकांना कामावर ठेवायला मनाई होती. न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली. तसं पाहिलं तर सुमेरच्या लोकांची बिअरची देवता निन्कासी ही बाईच होती, आणि मध्ययुगीन युरोपात घराघरांत बिअर गाळत होत्या त्याही बायकाच.

एवढं ऐकून मन हुरळलं असेल तर थोडं थंड पाणी.

अमेरिकेत ही लाट फार आधी उठली. 1965 मध्ये फ्रिट्झ मेटॅगनं सॅन फ्रान्सिस्कोची डबघाईला आलेली अँकर ब्रुअरी विकत घेऊन उभी केली. 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरी बिअर बनवण्यावरची बंधनं सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली. त्या वेळी देशभरात शंभराच्या आत असलेल्या ब्रुअऱ्या पुढे नऊ हजारांवर गेल्या. मग 2023 मध्ये तीच अँकर बंद पडली, पुढे नवा मालक मिळाला तो वेगळा विषय. आणि 2024 मध्ये तिथे नव्यानं उघडलेल्या ब्रुअऱ्यांपेक्षा बंद झालेल्या जास्त निघाल्या. आपल्याकडे 2020 च्या टाळेबंदीत मायक्रोब्रुअऱ्यांच्या टाक्या भरलेल्या होत्या आणि दारं बंद. पाश्चरीकरण न केलेली बिअर थांबत नाही. आठवडे मोजून तयार केलेला माल काही ठिकाणी गटारात सोडावा लागला. ज्या धंद्याचा माल टिकत नाही, भाडं थांबत नाही आणि परवाना दर वर्षी नवा करावा लागतो, तिथे आयुष्यभराची नोकरी मागू नये. हातातलं कौशल्य मात्र दूध, औषधं, लस, व्हिनेगर, कुठेही चालतं. टाकी, तापमान, जंतू, स्वच्छता. नोकरीपेक्षा हे शिकायला जा, असं मी म्हणेन.

आता ज्या प्रश्नाला आपण सुरुवातीपासून वळसा घालतोय, त्याच्यासमोर बसू. घरात, गल्लीत, नात्यात दारूनं मोडलेला एक माणूस आठवा. महाराष्ट्रात असा माणूस शोधायला लांब जावं लागत नाही. त्याचा चेहरा नजरेसमोर राहू द्या. त्याची बायको, तिच्या हातातली पिशवी, मुलांची गेलेली फी.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासह हजारो लोकांनी दारूमुक्तीसाठी झगडून 1993 मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली. राज्यात इतरत्रही गावागावांत बायकांनी मतपत्रिकेवर आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकानं बंद पाडली. त्या मताशी वाद घालायची माझी तयारी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं की मद्याचं कुठलंही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या तिच्या संस्थेनं 1988 मध्येच मद्य कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं. कोकम घातलं म्हणून त्यातला मद्यार्क बदलत नाही. क्राफ्टच्या बाजूनं एक युक्तिवाद नेहमी येतो, ही बिअर महाग असते, लोक चवीनं आणि थोडी पितात, ती घरं मोडत नाही. त्यात तथ्य आहे, पण थोडंच. महाग पेल्यानं घर मोडत नसेल तर त्याचं एक कारण त्या घरात पैसा जास्त आहे, हेही आहे. पैशाच्या आड काय मोडतं ते शेजाऱ्याला दिसत नाही, एवढंच.

मग मुलीनं हे काम करू नये का? माझं उत्तर असं. ज्या माणसाला ही अडचण दिसतच नाही त्यानं करू नये. ज्याला दिसते, आणि तरीही दाणा, पाणी, यीस्ट यांच्या कामाचं वेड आहे, त्यानं करावं. अशा माणसाच्या हाताखालचा बारटेंडर चौथा पेला मागणाऱ्याला नाही म्हणेल, गाडी चालवणाऱ्याला टॅक्सी बोलावून देईल, आणि एकविसाच्या आतल्या पोराला दारातूनच परत पाठवेल. अशाच एखाद्याला मद्यार्क नसलेली चांगली बिअर बनवावीशी वाटेल, आणि ते काम नेहमीच्या बिअरपेक्षा अवघड आहे. दारूशी काही देणंघेणं नको असं ज्याचं मन सांगतं त्याच्यासाठी टाक्या, प्रयोगशाळा, दुग्धालयं आहेतच. तेही हेच काम, वेगळ्या नावानं.

पहिल्या क्षणी मनात जे उमटलं होतं ते आता पुन्हा पाहा. बदललं असेल, नसेलही. दोन्ही ठीक. पण हो किंवा नाही म्हणण्याआधी एक करा. तिच्याबरोबर एखाद्या ब्रुअरीत जा, संध्याकाळी नव्हे, सकाळी, टाक्या धुतल्या जात असताना. कामगारांच्या डोळ्यांवर चष्मे आहेत का ते बघा. वायू मोजायचं यंत्र चालू आहे का विचारा. सांडपाणी कुठे जातं ते विचारा. पगाराची पावती मिळते का, पीएफ कापतात का, हेही संकोच न करता विचारा. उत्तरं नीट मिळाली तर तिला तिथे सहा महिने काम करू द्या. टाळाटाळ झाली तर दुसरी ब्रुअरी शोधा.